सर्व्हर भाड्याचा, पण चावी आपली : दुकान आणि संस्थेसाठी क्लाउड समजून घेऊ या

'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.' हे वाक्य ऐकले नाही असा माणूस आपल्या भागात सापडणार नाही. शिष्यवृत्तीचा फॉर्म असो, सातबारा असो, रेशनचा अंगठा असो की बँकेचे पासबुक, कधी ना कधी हे उत्तर मिळतेच. पण हा सर्व्हर म्हणजे नेमके काय, तो असतो कुठे, अन् आपल्या दुकानाचा किंवा संस्थेचा त्याच्याशी काय संबंध, हे फारसे कोणी समजावून सांगत नाही.

कंधारसारख्या तालुक्याच्या गावात आज कापड दुकान, मेडिकल, आडत, कोचिंग क्लास, शाळा या सगळ्यांचे थोडेफार काम कुठल्या तरी सर्व्हरवर चालते. तो सर्व्हर आता बहुतेक वेळा 'क्लाउड'वर असतो. हा शब्द घरातली बीसीए, बीएस्सी करणारी मुले रोज वापरतात आणि मोठी माणसे मान डोलावतात. म्हणून या लेखात आम्ही दोन गोष्टी मांडणार आहोत. एक, क्लाउडमुळे छोट्या धंद्याच्या हातात काय आले. दुसरी, ते घेताना कोणती गोष्ट हातातून जाऊ द्यायची नाही.

ढग नव्हे, इमारती

सर्व्हर म्हणजे एक ताकदवान संगणक. तो दिवसरात्र चालू राहतो आणि दुसऱ्या संगणकांना, मोबाईलना माहिती पुरवतो. पूर्वी एखाद्या बँकेला किंवा कंपनीला काम संगणकावर न्यायचे तर असा सर्व्हर विकत घ्यावा लागे. त्याच्यासाठी थंड खोली, इन्व्हर्टर, जनरेटर अन् तो सांभाळणारा इंजिनिअर ठेवावा लागे. खर्च लाखात जाई. छोट्या दुकानदाराने तो विचारही करायचा नाही.

२००६ साली अ‍ॅमेझॉन कंपनीने हे चित्र बदलले. मार्चमध्ये माहिती साठवायची जागा आणि ऑगस्टमध्ये संगणकाची ताकद त्यांनी इंटरनेटवरून भाड्याने द्यायला सुरुवात केली. नंतर मायक्रोसॉफ्ट आणि गुगलही आले. नाव 'क्लाउड' पडले, पण आकाशात काही नाही. जमिनीवर मोठमोठ्या इमारती आहेत, त्यात हजारो सर्व्हर रांगेने लावलेले आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई इथे, अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आणि गुगलने २०१७ मध्ये मुंबईत अशी केंद्रे सुरू केली. २०२२ मध्ये अ‍ॅमेझॉनचे दुसरे केंद्र हैदराबादला आले, म्हणजे आपल्या नांदेडच्या शेजारीच म्हणा. आपल्या राज्यातली कंपनीही यात आहे. २००५ मध्ये नाशिकला सुरू झालेली 'ईएसडीएस' ही कंपनी सरकारी खाती आणि सहकारी बँकांना क्लाउड पुरवते. जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारनेही आपले पब्लिक क्लाउड धोरण जाहीर केले.

पाच खुणा

नुसते इंटरनेटवर असले म्हणजे क्लाउड होत नाही. अमेरिकेच्या मानके ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने सप्टेंबर २०११ मध्ये त्याच्या पाच खुणा सांगितल्या. आजही सगळीकडे त्याच शिकवतात.

पहिली, ज्याला हवे त्याने स्वतः घ्यावे, मध्ये कोणाला फोन करायची गरज नसावी. दुसरी, मोबाईल, लॅपटॉप, कशावरूनही वापरता यावे. तिसरी, यंत्रे सगळ्यांत मिळून वापरली जावीत. चौथी, गरज वाढली की ताकद वाढावी, कमी झाली की कमी व्हावी. पाचवी, जेवढे वापरले तेवढेच बिल यावे, विजेच्या मीटरसारखे.

यातली चौथी खूण समजायला माळेगावची यात्रा आठवा. यात्रेच्या दिवसांत एसटी जादा गाड्या सोडते, यात्रा संपली की त्या परत आपापल्या मार्गावर जातात. बारा महिने तेवढ्या गाड्या उभ्या ठेवल्या तर महामंडळ बुडेल, अन् यात्रेत नेहमीच्याच गाड्या ठेवल्या तर लोक टपावर बसतील. सर्व्हरचेही तसेच आहे. २८ एप्रिल २०२१ ला अठरा वर्षांवरील सर्वांसाठी कोविड लसीची नोंदणी उघडली, तेव्हा कोविन पोर्टलवर एका दिवसात एक कोटीच्या वर लोकांनी नाव नोंदवले. सुरुवातीला ओटीपी अडकले, लोक वैतागले, पण नोंदणी चालू राहिली. एवढी गर्दी खोलीत ठेवलेल्या एका सर्व्हरला पेलणारी नाही. शेवटच्या तारखेला जे पोर्टल बंद पडते, तिथे बहुधा 'जादा गाड्यां'ची सोय आधी केलेली नसते.

शादीखान्याचा हिशेब

क्लाउड तीन प्रकारे भाड्याने मिळतो. वलीम्याचा हिशेब मांडला की हे लगेच कळते.

एक प्रकार असा की तुम्ही फक्त रिकामा शादीखाना घेता. भिंती, छप्पर, पाणी, वीज मालकाची. मंडप, चूल, देग, बावर्ची, वाढपी सगळे तुमचे. क्लाउडमध्ये याला 'आयएएस' म्हणतात. रिकामा सर्व्हर मिळतो, त्यावर काय चढवायचे ते तुम्ही बघायचे.

दुसऱ्या प्रकारात शादीखान्यात भट्टी, देग, भांडी, गॅस सगळे तयार असते. तुम्ही फक्त बावर्ची आणि सामान आणायचे. याला 'पीएएस', म्हणजे प्लॅटफॉर्म म्हणतात. सॉफ्टवेअर बनवणारा मुलगा इथे थेट आपला पदार्थ शिजवायला लागतो, चूल मांडण्यात त्याचा दिवस जात नाही.

तिसऱ्या प्रकारात पूर्ण ठेका दिलेला असतो. ताटामागे पैसे द्या अन् जेवायला बसा. याला 'एसएएस' म्हणतात. जीमेल, मोबाईलवरचे खातेवहीचे अ‍ॅप, शाळेची फी घेणारे सॉफ्टवेअर हे सगळे यात मोडते. छोट्या दुकानदाराला बहुतेक वेळा हाच तिसरा प्रकार लागतो. पण ठेक्यात बिर्याणीला मीठ किती, हे आपल्या हातात राहत नाही, हेही लक्षात असू द्या.

'अर्ज करा' ऐवजी 'स्वतः घ्या'

आता 'स्वतः घ्या' म्हणजे काय ते बघू. समजा एका शिक्षण संस्थेच्या कंधार, लोहा आणि मुखेडला शाळा आहेत. मुखेडच्या मुख्याध्यापकांना प्रवेशासाठी ऑनलाइन फॉर्म आणि मार्कशीट ठेवायला जागा हवी आहे. जुन्या पद्धतीत ते संस्थेकडे अर्ज करणार, संस्था कोटेशन मागवणार, दुकानदार नांदेडहून यंत्र आणणार, मग कोणीतरी ते जोडून देणार. तोवर प्रवेशाचा हंगाम संपलेला.

क्लाउडवर संस्थेचा संगणक सांभाळणारा माणूस एक यादी आधीच तयार करून ठेवतो : फॉर्म, साठवण जागा, नवा ई-मेल, हजेरीचे सॉफ्टवेअर. मुख्याध्यापक पडद्यावर हवे ते निवडतात. ठरलेल्या मर्यादेतले असेल तर काही मिनिटांत मिळते, मर्यादेबाहेर असेल तर सचिवांच्या मंजुरीला जाते. मोठ्या कंपन्यांत याला 'सेल्फ सर्व्हिस आयटी' म्हणतात. कोण काय घेऊ शकतो, किती रुपयांपर्यंत, किती दिवसांसाठी, हे नियम एकदा बसवले की रोज साहेबांच्या केबिनबाहेर उभे राहावे लागत नाही.

पण स्वतः घ्यायचे म्हणजे मनाला येईल ते घ्यायचे, असे नव्हे. केंद्र सरकारने ६ जून २०२५ ला वक्फ मिळकतींच्या नोंदीसाठी 'उमीद' पोर्टल सुरू केले. त्यातही मुतवल्लींनी माहिती भरायची, दुसऱ्याने तपासायची आणि तिसऱ्याने मंजूर करायची अशा पायऱ्या ठेवल्या आहेत. धंद्यातही हेच चांगले. भरणारा एक, मंजूर करणारा दुसरा.

मिडलवेअर म्हणजे दुभाषी

आता थोडा अवघड शब्द : मिडलवेअर. दोन सॉफ्टवेअरच्या मध्ये बसून एकाचे म्हणणे दुसऱ्याला समजेल असे करणारे सॉफ्टवेअर म्हणजे मिडलवेअर.

आपल्या मराठवाड्याला हे नव्याने सांगायला नको. १९४८ पर्यंत कंधार निजामाच्या हैदराबाद राज्यात होते. त्या काळातले महसुली कागद उर्दूत आणि आजचे तहसील मराठीत. आजोबांच्या जमिनीचा कागद घेऊन गेलात की दोन्ही भाषा जाणणारा लागतो. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठवाड्यातल्या जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची सगळीकडे शोधाशोध झाली. कागदही खरा होता अन् कार्यालयही तयार होते. मधला माणूस नसला की दोन्ही अडून राहतात.

सॉफ्टवेअरचे तसेच आहे. तुमच्या दुकानात गिऱ्हाईक क्यूआर स्कॅन करतो. त्याचे अ‍ॅप एका कंपनीचे, त्याची बँक दुसरी, तुमची बँक तिसरी. या तिघांची यंत्रणा वेगळी. २०१६ मध्ये सुरू झालेली यूपीआय यंत्रणा मध्ये उभी राहून सगळ्यांशी एका ठरलेल्या भाषेत बोलते, म्हणून काही सेकंदांत काउंटरवरचा डबा 'पैसे मिळाले' असे ओरडतो. डिजिलॉकरमध्ये मुलीची दहावीची मार्कशीट येते तीही बोर्डाच्या सर्व्हरकडून अशीच मागवलेली असते. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्या व्यापाऱ्याला इतर व्यापाऱ्यांना दिलेल्या बिलांसाठी ई-इन्व्हॉइस सक्तीचे आहे. तिथे दुकानाचे सॉफ्टवेअर बिल सरकारी पोर्टलकडे पाठवते, ते तपासून नंबर आणि क्यूआर परत येतो. मध्ये कोणी हाताने काही टाइप करत नाही.

मिडलवेअर प्रामुख्याने चार कामे करते. भाषा बदलून देते. आलेल्या निरोपांना टोकन देऊन रांगेत उभे करते, म्हणजे समोरचे यंत्र क्षणभर बंद असले तरी निरोप हरवत नाही. येणारा खरा कोण ते ओळखते. आणि कोणी, कधी, काय केले याची नोंद ठेवते.

पूर्वी हे सॉफ्टवेअर फक्त मोठ्या बँका आणि विमान कंपन्या घेत. आयबीएमचे रांग सांभाळणारे प्रसिद्ध मिडलवेअर १९९३ मध्ये आले, पण ते घेऊन चालवायचे म्हणजे खास माणसे हवीत. आज तेच काम क्लाउडवर वापराप्रमाणे पैसे देऊन मिळते. म्हणून नांदेडमधली दोन-तीन मुले मिळून औषध दुकानासाठी असे सॉफ्टवेअर करू शकतात, ज्यात विक्री झाली की साठा कमी होतो, गिऱ्हाइकाला मेसेज जातो अन् जीएसटीचा हिशेबही मांडला जातो. पेमेंट, मेसेज, हिशेब यांचे तयार तुकडे ते जोडतात. मूळ यंत्रणा त्यांना बांधावी लागत नाही.

एका दिवसात अडलेल्या ३०० बँका

इतके सगळे चांगले असेल तर धोका कुठे? तो ३१ जुलै २०२४ ला दिसला. सी-एज टेक्नॉलॉजीज ही कंपनी प्रामुख्याने सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रज्ञान पुरवते. तिच्या यंत्रणेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, म्हणजे माहितीला कुलूप लावून खंडणी मागण्याचा प्रकार. हल्ला पसरू नये म्हणून राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने त्या कंपनीची जोडणी तात्पुरती तोडली. त्या वेळच्या बातम्यांप्रमाणे सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआयसारखे व्यवहार थांबले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली.

यातून दोन्ही बाजू दिसतात. लहान बँकेला स्वतःची यंत्रणा उभारणे परवडत नाही, सगळ्यांनी मिळून घेतली म्हणूनच तिच्या खातेदाराला मोबाईलवर पैसे पाठवता येतात. पण सगळे एका दुभाष्यावर अवलंबून राहिले आणि तो आजारी पडला, की सगळ्यांचेच बोलणे बंद होते. म्हणून क्लाउड सोडायचा, असा याचा अर्थ नाही. मधली यंत्रणा बंद पडली तर त्या दिवशी आपण काय करणार, हे आधी ठरवून ठेवायचे.

खरा प्रश्न : चावी कोणाकडे?

मोठे हल्ले पेपरात येतात. आपल्या गावात नुकसान होते ते गाजावाजा न होता. दुकानाचे खाते भाच्याच्या जीमेलवर उघडलेले असते. भाचा नोकरीला पुण्याला जातो, नंबर बदलतो, अन् एक दिवस मालकाला ऐकू येते, 'मामू, तो ओटीपी माझ्या जुन्या सिमवर जातो, ते सिम तर बंद झाले.' तीन वर्षांची उधारी, गिऱ्हाइकांचे नंबर, बिले सगळे आत आहे आणि मालक बाहेर उभा. शाळेची वेबसाइट एखाद्या डिझायनरच्या नावावर असते. मशीद कमिटीचे, कब्रस्तानच्या जमिनीचे स्कॅन केलेले कागद एकाच माणसाच्या फोनमध्ये असतात. तो फोन पाण्यात पडला की कमिटी पुन्हा कार्यालयांच्या पायऱ्या झिजवते.

क्लाउड कंपनी इमारत, यंत्रे, वीज आणि पहारा सांभाळते. पासवर्ड, कोणाला आत सोडायचे आणि आत काय ठेवायचे, हे आपले काम आहे. करारात तसे लिहिलेलेच असते. म्हणून पुढील गोष्टी आजच बघून घ्या.

१. खाते दुकानाच्या किंवा संस्थेच्या नावे, तिच्याच ई-मेल आणि मोबाईल नंबरवर असावे. तो नंबर कोणाचा खासगी नको. संस्थेत किमान दोन जबाबदार माणसांकडे पूर्ण अधिकार असावा.

२. पासवर्डसोबत दुसरे कुलूप लावा, म्हणजे टू-स्टेप पडताळणी. कामावरून माणूस गेला की त्याच दिवशी त्याचा प्रवेश बंद करा. यात अविश्वास कसला? दुकानाची चावी परत घेतोच ना आपण.

३. महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती ठेवा : दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक वेगळ्या जागी. अधूनमधून ती प्रत उघडून बघा. न उघडलेल्या प्रतीवर भरवसा ठेवू नका.

४. सॉफ्टवेअर घेण्याआधी विक्रेत्याला विचारा, 'उद्या सोडायचे ठरवले तर माझा सगळा डेटा एक्सेलमध्ये काढून मिळेल का?' उत्तर लेखी घ्या. मुख्य खातेही अधूनमधून उघडत राहा. गुगलच्या नियमाप्रमाणे दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते काढून टाकले जाऊ शकते.

५. मीटरवर नजर ठेवा. भाड्याने घेतलेला सर्व्हर बंद करायला विसरलात तर तो वापरला नाही तरी बिल चालू राहते. खर्चाची मर्यादा ओलांडली की मेसेज येईल, अशी सूचना पहिल्याच दिवशी लावता येते.

६. काउंटरखाली एक कोरी वही असू द्या. १९ जुलै २०२४ ला जगभर विंडोज संगणक बंद पडले, तेव्हा आपल्या देशातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तिथे वही चालली, तर आपल्याला कसली लाज?

७. गिऱ्हाइकाचे आधार, विद्यार्थ्याचे फोटो, पालकांचे नंबर ही त्यांची अमानत आहे. गरज नसेल ते घेऊच नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ती सांभाळण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली आहे.

घरातल्या मुलामुलींसाठी

हे काम शिकायला पुणे-हैदराबादच्या महागड्या क्लासपासूनच सुरुवात करावी लागते, असे नाही. केंद्र सरकारच्या 'स्वयम' पोर्टलवर क्लाउड काँप्युटिंगचा आयआयटी खरगपूरच्या प्राध्यापकांनी शिकवलेला अभ्यासक्रम झालेला आहे. असे अभ्यासक्रम शिकायला मोफत असतात, प्रमाणपत्राच्या परीक्षेला तेवढी फी पडते. आधी लिनक्स, नेटवर्किंग आणि डेटाबेस यांचा पाया पक्का करा, मग एखाद्या कंपनीचा क्लाउड शिका. पाया नसताना नुसते सर्टिफिकेट मिळवले तर मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला अडखळायला होते.

भाषेची भीती बाळगू नका. घरात उर्दू, शाळेत मराठी, पुस्तकात इंग्रजी अशी तीन भाषांत वाढलेली मुले रोज दुभाष्याचे काम करतातच. एकीकडचा अर्थ न बिघडवता दुसरीकडे पोहोचवणे, हीच तर मिडलवेअरची कला आहे.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट अब्बू-अम्मींनी ध्यानात घ्यावी. यातली बरीच कामे घरी बसून करता येतात. पण त्यासाठी तिच्या नावाचा ई-मेल, तिच्या नावाचा नंबर आणि तिचे स्वतःचे डिजिलॉकर खाते हवे. भावाच्या मोबाईलवर ओटीपी येत असेल, तर तिचे प्रमाणपत्रही भावाच्या खिशातच राहिले, असे म्हणावे लागेल.

या जुम्याला दुकान बंद केल्यावर अर्धा तास काढा. एका कागदावर लिहा : आपली खाती कोणती, ती कोणाच्या नावावर, ओटीपी कोणत्या नंबरवर जातो, शेवटची प्रत कधी काढली. पासवर्ड त्या कागदावर लिहू नका. जिथे रकाना रिकामा राहील किंवा गावाबाहेर गेलेल्या माणसाचे नाव येईल, तिथून दुरुस्तीला सुरुवात करा.